ओसाकातलं गोंडवाना

१ फेब्रुवारी १९७५ला, शनिवारी, जपानमधल्या ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकानं आपल्या सात जणांच्या संचासह दोन मैफली केल्या. एक दुपारी, एक संध्याकाळी. दोन्ही ध्वनिमुद्रित झाल्या आणि दोन्हींचे प्रत्येकी दोन तबकड्यांचे संच निघाले. दुपारच्या मैफलीला नाव मिळालं 'आघार्ता', संध्याकाळच्या मैफलीला 'पॅन्जिआ'. 'पॅन्जिआ'त दोनच रचना आहेत, प्रत्येकी चाळीस मिनिटांहून मोठी. पहिलीचं नाव 'झिंबाब्वे'. दुसरीचं 'गोंडवाना'.

हे शेवटचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते मुंबईत, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये, एका सीडीच्या पाठीवर. धानोऱ्याला नोकरी लागून तेव्हा मला तीन वर्षं झाली होती. धानोरा म्हणजे गडचिरोलीहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. मुंबईतल्या नातेवाइकांना ते नीट सांगता सांगता मी थकलो होतो. बहुतेकांच्या मनात चंद्रपूरच्या पुढे नकाशा हिरवा होऊन संपतो. आणि इथे परदेशी पाकिटावर आमच्या मुलखाचं नाव छापलेलं. संगीत काय आहे याची चौकशी न करता मी ती सीडी घेतली. आधी नाव, मग संगीत आणि खूप उशिरा वेष्टनावरचं चित्र, असा माझा उलटा प्रवास झाला. या लेखातही मला तसंच, पण थोडं पुढे-मागे करत जायचं आहे.

मराठीत जॅझविषयी लिहिलं जातं तेव्हा विषय बहुधा ठरलेले असतात: ताजमहाल हॉटेलातले वाद्यवृंद, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे वादक आणि त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताला दिलेलं देणं, निरंजन झवेरींनी १९७८मध्ये मुंबईत सुरू केलेली 'जॅझ यात्रा'. हा इतिहास मोलाचा आहे. पण त्याची रेल्वे कल्याणच्या पुढे येत नाही. शिवाय त्यात जॅझ म्हणजे सुटाबुटातली, मद्याच्या पेल्याशेजारची गोष्ट असते. ओसाकाच्या या दोन मैफली त्या चित्रात बसत नाहीत. त्या विजेवर चालणाऱ्या, कर्कश, घामट आणि लांबलचक आहेत. हे संगीत आवडायला मला काही वर्षं लागली, हे आधीच कबूल करतो.

ज्यांनी असं काही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी एक ओळखीची खूण सांगतो. तबल्याच्या एकलवादनात सारंगी किंवा पेटी लेहरा धरते. एकच लहान आवर्तन तासभर फिरत राहतं आणि त्यावर तबलजी आपलं सगळं मांडतो. माइल्सच्या या संचात मायकेल हेंडरसनची बास गिटार लेहऱ्याचं काम करते. फरक इतकाच की लेहरा नम्र असतो. हेंडरसन नम्र नाही. तो स्टीव्ही वंडरच्या संचातून आलेला, जॅझच्या शाळेत न शिकलेला तरुण होता आणि माइल्सला नेमका तसाच माणूस हवा होता. चार-सहा सुरांचा तुकडा तो दहा दहा मिनिटं सोडत नाही. त्याच्या जोडीला अल फॉस्टरचे ड्रम, रेजी लूकसची तालात कापत जाणारी गिटार, एमटुमेचे कोंगा आणि तालयंत्र. या चौघांनी मिळून जी जमीन तयार होते तिला फंक म्हणायचं. तिच्यावर सॅक्सोफोन आणि बासरी घेऊन सनी फॉर्च्यून, दुसरी गिटार घेऊन शिकागोचा पीट कोझी, आणि ट्रम्पेट व ऑर्गन घेऊन स्वतः माइल्स. पीट कोझी खुर्चीत बसून वाजवायचा, शेजारच्या टेबलावर लहानसहान तालवाद्यं मांडून. त्याच्या गिटारीतून तार तुटल्यासारखे, पत्रा फाटल्यासारखे आवाज येतात. पहिल्यांदा ऐकताना मला सीडी खराब निघाली असं वाटलं होतं.

'आघार्ता'ची सुरुवात 'प्रील्यूड'नं होते. तबकडीच्या पूर्ण एका बाजूवर ते मावत नाही, दुसऱ्या बाजूवर सांडतं. मिळून अर्ध्या तासाहून जास्त. मग 'मायीशा' हा त्या मानानं मऊ, ब्राझीलच्या वळणाचा तुकडा येतो, ज्यात फॉर्च्यूनची बासरी आहे. उरलेल्या दोन बाजूंना 'इंटरल्यूड' आणि 'थीम फ्रॉम जॅक जॉन्सन' अशी नावं आहेत, आणि ती चक्क एकमेकांच्या जागी छापली गेली. यात नवल नाही. माइल्स रंगमंचावरून काहीही जाहीर करत नसे. रचना एकात एक मिसळत जात, आणि नावं नंतर कुणीतरी कार्यालयात बसून चिकटवायचं. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण 'गोंडवाना' या नावाकडे मला याच वाटेनं यायचं आहे. त्या दुपारच्या शेवटच्या भागात कुठेतरी बासवर 'सो व्हॉट'ची खूण काही क्षण चमकून जाते, १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधली, जी जॅझ न ऐकणाऱ्यांनीही कुठेतरी ऐकलेली असते. जुन्या वाड्याच्या भिंतीवरचा एखादा कोनाडा विजेच्या लखलखाटात दिसावा तशी. संच तिथे थांबत नाही.

या संगीताचं मर्म मला कळलं ते एका झाडीपट्टीच्या ऑर्गनवादकामुळे. वडशाच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्य घालवलं. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि उजाडताना खाली येतो. वादक रंगमंचाच्या पायाशी बसतात: ऑर्गन, तबला किंवा ढोलक आणि आता ऑक्टोपॅड. एका थंडीत ते माझ्याकडे मुक्कामी होते. मी भीत भीत 'प्रील्यूड' लावलं. पहिली पाच मिनिटं त्यांनी काही चेहरा केला नाही. मग संपूर्ण संच एकाएकी थांबतो आणि फक्त गिटार अधांतरी वाजत राहते, तो क्षण आला. दोन-तीन श्वास, आणि सगळे पुन्हा एकदम त्याच ठेक्यावर आदळतात. ते सरसावून बसले. हे तीन-चारदा झाल्यावर म्हणाले, "सर, हा माणूस वाजवत नाही न जी, हा कंपनी चालवते."

मी विचारलं, कसं काय ओळखलंत? ते म्हणाले, "थांबवाचं कवा, हे ज्याले समजते तोच मास्तर."

पुढे वाचनात आलं ते तंतोतंत तेच. माइल्स हाताच्या खुणेनं, मानेच्या झटक्यानं, कधी ऑर्गनवर कोपर टेकून एक कर्कश सूरगुच्छ दाबून संचाला थांबवत आणि वळवत असे. तो ऑर्गन सुरावट वाजवण्यासाठी नाहीच, तो हुकूम देण्यासाठी आहे. झाडीपट्टीतला ऑर्गनवाला नटाचं स्वगत लांबलं की एक पट्टी दाबून त्याला गाण्यावर आणतो, त्याच जातीचा. ट्रम्पेटही माइल्स आता पूर्वीसारखा लांब ओळींत वाजवत नव्हता. पायाखाली 'वा-वा' पेडल, त्यामुळे ट्रम्पेटचा आवाज गिटारीसारखा, माणसाच्या कण्हण्यासारखा वाकलेला. चार सूर, मग मौन, मग तीन सूर. त्याच्या जुन्या चाहत्यांना याचाच राग होता. १९५०च्या दशकातला तो रेशमी आवाज या माणसानं का टाकून दिला? मला वाटतं, आवाज टाकल्यावर त्याला जे मिळालं ते संपूर्ण संचाचं वाद्य. त्या दुपारी तो सहा माणसं वाजवत होता.

तरी या तुटक वाजवण्यामागे दुसरंही कारण होतं, आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. माइल्स त्या दौऱ्यात फार आजारी होता. १९७२च्या मोटार अपघातात त्याचे दोन्ही घोटे मोडले होते. खुब्याचं दुखणं जुनं होतं. वेदनाशामकं आणि मद्य यांवर तो मैफली ओढत होता. आणि या सगळ्याच्या मुळाशी सिकलसेल होता.

सिकलसेल म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित सांगावं लागेल. गडचिरोलीत सांगावं लागत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं दुखतात, पंडुरोग होतो. आईबाप दोघांकडून दोष आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस वाहक. इथे मुलं 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' हे शब्द रक्तगट सांगावा तितक्या सहज वापरतात. सोयरीक जुळवतानाही ते विचारले जातात. हिवतापाच्या जंगलांत हजारो वर्षं राहिलेल्या माणसांच्या रक्तात ही खूण उमटली, कारण वाहकाला हिवताप कमी जाचतो. आफ्रिकेत उमटली, मध्य भारतात उमटली. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेला गेली.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, एसएस पॅटर्नचा. थंडीत महिना महिना गैरहजर. एकदा वर्गात बोलता बोलता मी या मैफलींचं सांगितलं, नाव 'गोंडवाना' आहे असंही सांगितलं. माझी अपेक्षा अशी की मुलांना अभिमान वाटेल. माझ्या बोलण्यात तसा सूरही असणार: बघा, आपल्या गोंडवानाचं नाव ओसाकापर्यंत गेलं. तो मुलगा तास संपल्यावर आला आणि त्यानं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, "त्यांना खुब्यात दुखे का सर?" मी हो म्हणालो. दुसरी गोष्ट प्रश्न नव्हती. "सर, गोंड हे नावबी दुसऱ्यायनंच देलं. आमच्यात कोयतूर म्हणते."

त्या दिवसापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे. अभिमान कसला, आणि कुणी कुणाचा करायचा? नाव कुठून कसं गेलं, हे आधी शोधायला हवं होतं. ते न करताच मी वर्गात टाळी मागत होतो.

तर नाव असं गेलं. १८७२मध्ये हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला अधिकारी मध्य भारतातल्या कोळशाच्या खडकांचा अभ्यास करत होता. त्या खडकांच्या थरांना त्यानं गोंड राज्यांच्या प्रदेशावरून 'गोंडवाना' नाव दिलं. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा याच थरांतला. या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे सापडतात आणि तेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियातही सापडतात. एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं १८८५मध्ये त्यावरून एका जुन्या महाखंडाची कल्पना मांडली आणि त्याला 'गोंडवानालँड' म्हटलं. गोंडवाना म्हणजेच गोंडांचा वनप्रदेश. त्याला पुन्हा 'लँड' जोडणं म्हणजे 'लेडीज बाई' म्हणण्यासारखं, पण नाव टिकलं. पुढे आल्फ्रेड वेगेनरनं खंड सरकतात असा सिद्धान्त मांडला. सगळे खंड एकत्र असतानाच्या महाखंडाचं 'पॅन्जिआ' हे नाव त्याच्यामुळे रूढ झालं. पॅन्जिआ फुटलं, त्याच्या दक्षिणेकडच्या तुकड्याचं नाव गोंडवाना. तिथून ते शालेय पुस्तकांत गेलं आणि तिथून ओसाकाच्या तबकडीवर.

आता आधीच्या रचनेचं नाव पाहा. १९७५मध्ये झिंबाब्वे नावाचा देश नव्हता. ऱ्होडेशिया होता, इयन स्मिथच्या गोऱ्या अल्पसंख्य सरकारचा. झिंबाब्वे हा स्वातंत्र्य मागणाऱ्यांचा शब्द होता. देश १९८०मध्ये झाला. माइल्सच्या मंडळींत हे राजकारण नवं नव्हतं. १९७३च्या एका रचनेचं नाव 'कॅलिप्सो फ्रेलिमो' आहे, मोझांबिकच्या मुक्ती आघाडीवरून. म्हणजे 'झिंबाब्वे' हे भविष्यातल्या देशाचं नाव, 'गोंडवाना' हे वीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या भूमीचं, जिच्यात आफ्रिका आणि भारत एकमेकांना चिकटलेले होते. नावं ज्यानं कुणी ठेवली त्याला ही जोडी दिसत होती असं मी मानतो. आणि मला ती आवडते. फक्त त्यात एक माणूस नाही: ज्याच्यावरून नाव पडलं तो. त्याच्या नावानं खडक ओळखले गेले, महाखंड ओळखलं गेलं, तबकडीच्या दोन बाजू ओळखल्या गेल्या. १९७५मध्ये गडचिरोली नावाचा जिल्हाही नव्हता, तो १९८२मध्ये झाला. ओसाकात 'गोंडवाना' वाजत होतं तेव्हा प्रत्यक्ष गोंडवानातली माणसं चंद्रपूर जिल्ह्याच्या कागदपत्रांत पूर्वेकडचा दुर्गम भाग होती.

एक विसंगती इथेच नोंदवतो. दोन-तीन वर्षांपूर्वीच, १९७२च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमधल्या मैफलीत, माइल्सच्या संचात बादल रॉय यांचा तबला होता, सतार होती. ओसाकाला येईपर्यंत दोन्ही संचातून गेले. भारतीय वाद्यं गेली आणि भारतीय नावं आली. माझ्या मते संगीताचं यात भलंच झालं. त्या सतारीचा उपयोग बऱ्याचदा उदबत्तीसारखा होता. पण नावांनाही उदबत्तीचा वास येतो का, हे तपासायला हवं, आणि त्यासाठी 'आघार्ता'कडे वळलं पाहिजे.

'आघार्ता'चं मूळ वेष्टन मी पाहिलं ते पुण्यातल्या एका संग्राहकाच्या घरी. तोवर माझ्याकडे सीडीच्या पाच इंची चौकोनातलं चित्र होतं, ज्यात सगळं मुंगीएवढं. बारा इंची जपानी पाकीट हातात घेतल्यावर मी ते उभं धरून बसलो, आरशासारखं. चित्रकार तादानोरी योकू, जन्म १९३६, जपानी भित्तिचित्रकलेतलं मोठं नाव. १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचं प्रदर्शन झालं होतं. भारताच्या प्रवासांनी त्याची गूढविद्येची ओढ वाढवली. सांतानाच्या 'लोटस' या ओसाकातच मुद्रित झालेल्या संचासाठी त्यानं बावीस घड्यांचं वेष्टन केलं होतं. 'आघार्ता'च्या दर्शनी बाजूवर उंच इमारतींचं एक अफाट शहर आहे आणि त्यातून सूर्यकिरणांसारख्या लाल ज्वाळा वर उसळतात. मागच्या बाजूला तेच शहर पाण्याखाली: प्रवाळ, मासे, एक पाणबुड्या, एक माकूळ. आकाशात उडती तबकडी. आतल्या बाजूला पंखवाले अतिमानव, शहराच्या भुयारांचे रखवालदार. पाकिटावर एक सूचनाही आहे, की ही तबकडी शक्य तितक्या मोठ्या आवाजात लावावी. धानोऱ्यात माझ्या खोलीची भिंत आणि शेजाऱ्यांची भिंत एकच होती. ती सूचना मी शेजारी तेंदूपत्त्याच्या फळीवर गेलेले असताना पाळली.

मला हे चित्र पाहून जुन्या नाटक कंपन्यांचे पडदे आठवले. आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी कोल्हापुरात रंगवलेले पडदे मी अर्थातच पाहिलेले नाहीत, पण झाडीपट्टीत त्या परंपरेचे गरीब वारसदार अजून दिसतात: महालाचा पडदा, अरण्याचा पडदा, खोल खोल जाणारे खांब, अशक्य निळं आकाश. पडद्याला वास्तव व्हायचं नसतं. त्याच्यापुढे जे घडणार त्याला मोठेपणा द्यायचा असतो. योकूचं शहर असा पडदा आहे. मैफलीची प्राथमिक फीत ऐकून त्यानं ते रंगवलं आणि ते संगीताचं वर्णन करत नाही, संगीताला उभं राहायला जागा देतं. समोरून आग, मागून पाणी: 'प्रील्यूड' आणि 'मायीशा' लागोपाठ ऐकताना हे बरोबर वाटतं. अमेरिकेत कंपनीनं दुसरंच वेष्टन लावून तबकडी विकली. अमेरिकन ग्राहकाला पडदा बदलून नाटक दाखवलं, एवढंच म्हणतो.

पण हे शहर कोणतं? आघार्ता म्हणजे पृथ्वीच्या पोटातली सिद्धपुरुषांची नगरी. नाव जपानी कंपनीच्या मंडळींनी सुचवलं. योकूनं रेमंड बर्नार्डचं पोकळ पृथ्वीविषयीचं पुस्तक वाचलं होतं. त्याला ही नगरी समुद्राखालीही असू शकेल, जंगलात दडलेलीही असू शकेल असं वाटे. जंगलात, हे वाचून मी इथल्या खिडकीबाहेर पाहिलं, हे लपवत नाही. बर्नार्डच्या मागे जात राहिलं की ओसेन्दोव्स्कीचं १९२२चं मंगोलियाचं प्रवासवर्णन लागतं, आणि त्याच्या मागे साँ-इव्ह द'आल्वेद्र हा फ्रेंच गूढवादी. १८८६मध्ये त्यानं भारताविषयीचं एक पुस्तक छापलं आणि घाबरून त्याच्या प्रती नष्ट केल्या. ते १९१०मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आलं. त्यात ही भूमिगत नगरी सविस्तर आहे. या गृहस्थाला १८८५पासून संस्कृत शिकवणारा मास्तर हाजी शरीफ या नावानं ओळखला जाई. त्याच्याविषयी जे सांगितलं जातं त्यानुसार तो जन्मानं मुंबईचा, १८५७च्या उठावानंतर देश सोडलेला, ल हाव्र बंदरात पक्षी विकणारा आणि पौर्वात्य भाषा शिकवणारा. आपण अगार्थी विद्यापीठाचे गुरू पंडित आहोत असं तो विद्यार्थ्याला भासवी.

मला हा माणूस फार आवडतो. दूर देशात, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांमध्ये बसून, श्रीमंत फ्रेंच विद्यार्थ्याला हवं ते पुरवणारा. शब्द त्यानंच घडवला असं म्हणता येत नाही, कारण चंद्रनगरला न्यायाधीश राहिलेल्या जाकोल्यो या दुसऱ्या फ्रेंच लेखकाकडे 'अस्गार्था' १८७०च्या दशकातच आहे. शब्द संस्कृतसारखा ऐकू येतो, संस्कृत नाही. गंमत म्हणून फोड करायचीच तर 'गर्त' म्हणजे खड्डा आणि 'अगर्त' म्हणजे जिथे खड्डा नाही ते. भूमिगत नगरीला हे नाव!

म्हणजे दोन मैफली, दोन नावं, दोन्ही आपल्या बाजूची. एक खोटं, एक खरं. आघार्ता कुठेच नाही, तिथे कुणी राहत नाही, तरी तिला योकूसारखा चित्रकार मिळाला, ज्वाळा, प्रवाळ, रखवालदार मिळाले. गोंडवाना आहे, तिथे माणसं राहतात, त्यांच्या भाषा आहेत, खुबे दुखतात. त्याला चित्र मिळालं नाही. तबकडीच्या दोन बाजूंवर छापलेलं नाव मिळालं. 'पॅन्जिआ'चं वेष्टन माझ्यापुढे आहे आणि त्याच्याविषयी मला काही म्हणावंसं वाटत नाही. आधी मला याचा राग आला होता. आता वाटतं, योकूनं गोंडवाना रंगवलं असतं तर काय रंगवलं असतं? मोरपिसं, शिंगं, ढोल. खोट्या नगरीसाठी कल्पना मोकळी सोडता येते. खऱ्या माणसांसाठी सोडली की बहुधा दिनदर्शिकेवरचा आदिवासी तयार होतो. सरकारी महोत्सवांच्या फलकांवर आपण तो दरवर्षी पाहतो. त्यापेक्षा कोरी जागा बरी.

आणि संगीत? माझं मत असं की 'आघार्ता' ही श्रेष्ठ मैफल आहे. दुपारी संच ताजा होता; 'प्रील्यूड'इतकं आवळलेलं आणि तरीही उधळलेलं काही मी दुसरं ऐकलेलं नाही. संध्याकाळी माइल्स थकला होता आणि ते ऐकू येतं. 'झिंबाब्वे'चा बराच भाग दुपारची लाट ओसरल्यानंतरचा आहे. पण 'गोंडवाना'ची सुरुवात वेगळी आहे. तिथे आक्रमण नाही. फॉर्च्यूनची बासरी, खाली विरळ तालवाद्यं, बास पुढे यायला नकार देतो. कितीतरी वेळ कुणाला कुठे जायचं नाही. रेलाच्या रात्री नाच फिरून फिरून एका ठिकाणी येतो, ढोल मंदावतात, पावलं मात्र सुटत नाहीत, त्या वेळेची मला आठवण होते. ही तुलना माझी आहे, संगीतात ती कुणी ठेवलेली नाही. मग हळूहळू जोर चढतो, गिटारी येतात, आणि शेवट असा होतच नाही; वाद्यं एकेक करून गळतात. त्या वर्षाच्या उत्तरार्धात माइल्सनं मैफली बंद केल्या आणि १९८१पर्यंत तो रंगमंचावर आला नाही.

तो मुलगा पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी घरी आला होता. मी त्याला दोन्ही ऐकवलं. 'आघार्ता'चं चित्र त्यानं संगणकाच्या पडद्यावर मोठं करून बराच वेळ पाहिलं आणि पाणबुड्यावर बोट ठेवून हसला. 'प्रील्यूड' त्याला आवडलं नाही. डोकं दुखतं म्हणाला. 'गोंडवाना' सुरू झालं तेव्हा तो भिंतीला टेकून, पाय लांब करून बसला. बासरी संपून गिटारी चढू लागल्या तसं त्यानं मला थांबवायला सांगितलं आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. पूर्ण नको, म्हणाला, एवढंच. मी ती फाइल तिथवर कापून दिली. नाव काय देऊ, विचारलं. त्यानं कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि बासरीसाठी गोंडीत असलेला शब्द टाइप केला. तो कसा लिहायचा यावर आमची थोडी चर्चा झाली, कारण देवनागरीत त्यातला एक स्वर नीट बसत नव्हता.